समासातलं मराठी

फ्रेंच मी हौसेने शिकले नाही. अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं काम चालतं. फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळं टेबल होणार असं कळलं तेव्हा मी हात वर केला. छत्तीस वर्षांची होते. शनिवारच्या क्लासात बाकी सगळे विशीतले, फटाफट पाठ करणारे. माझ्या डोक्यात शब्द शिरायचे आणि मेट्रो साकीनाक्याला पोचेपर्यंत गळून जायचे.

सर म्हणाले, "पेपर वाचा. रोज. कळो न कळो."

मोबाइलवर वाचून पाहिलं. दिवसभर स्क्रीनकडे बघून आल्यावर पुन्हा स्क्रीन नको वाटायची. हातात कागद हवा होता. पण घाटकोपरात फ्रेंच पेपर कोण आणून देणार?

तो रद्दीच्या दुकानात मिळाला. एका रविवारी मी आमची रद्दी घेऊन गेले, तर काट्याच्या बाजूला पांढऱ्या नाडीने बांधलेला एक उंच गठ्ठा होता. वरच्या पानावरचे दोन शब्द मला चक्क वाचता आले. मी वाकून बघितलं. फ्रान्समधल्या कुठल्यातरी छोट्या गावचा पेपर, तीन-चार वर्षांपूर्वीचा. खाली तसेच अजून, तारखेने लावलेले.

"हे कुठून आले?"

"इधरच, कॉलनीतून," रद्दीवाला म्हणाला. "कपाटाला वाळवी लागली म्हणून काढले. मॅडम, वाचता येतं तुम्हाला हे?"

"शिकतेय."

"मग न्या ना. वडापाववाला पण घेत नाय. बोलतो, शाई वेगळी आहे."

घरी आणून गठ्ठा सोडला आणि मला लॉटरी लागल्यासारखं झालं. पानापानावर, छापील मजकुराच्या बाजूच्या कोऱ्या समासात, बारीक टोकदार पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले होते. अक्षर असं, की शिरोरेघ फूटपट्टी लावून मारल्यासारखी. अवघड शब्दाखाली रेघ, समोर अर्थ. 'ला वेय' या शब्दापुढे लिहिलं होतं: 'आदला दिवस. जागरणालाही हाच शब्द.' आयता शब्दकोश. तोही आपल्या भाषेत.

तेव्हा आई आणि मी त्या कॉलनीत नव्याने भाड्याने राहायला आलो होतो. दुसरा मजला, स्वयंपाकघरामागे अरुंद गॅलरी, खाली कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे मागच्या इमारतीच्या खिडक्या. माझी शिफ्ट दुपारची. सकाळी आठ ते साडेनऊ मी त्या गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाचायची.

मी पेपर त्याच्या क्रमाने घेतले, कारण पहिल्या अंकांमध्ये या माणसाला काहीच येत नव्हतं हे उघड दिसत होतं. अगदी सोप्या शब्दांखालीही रेघ. हळूहळू रेघा कमी होत गेल्या, अर्थ नेमके झाले. मला वाटायचं, कुणीतरी माझ्या दोन पायऱ्या पुढे चालतंय आणि मागे वळून हात देतंय. दर दोन-चार पानांनी त्याने स्वतःला बजावल्यासारखं एक लिहिलेलं असायचं: 'मोठ्याने वाच.' मीही मोठ्याने वाचायला लागले. भोपळ्यांच्या स्पर्धेची बातमी, नगरपालिकेची सभा, हरवलेली मांजर.

"कुणाशी बोलतेस गं?" आई आतून विचारायची.

"पेपर वाचतेय."

"भांडतेयस असं वाटतं."

आई जालन्याकडची. तिला माझं फ्रेंच म्हणजे घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं, आणि ते फारसं चूक नव्हतं.

दोनेक महिन्यांनी मला पहिल्यांदा अस्वस्थ वाटलं. एका पानावर बेकरीची जाहिरात होती. तिथे अवघड शब्द एकही नव्हता. तरी समासात लिहिलं होतं, 'वाचतेस ना?'

सकाळची सव्वाआठची वेळ, खाली भाजीवाल्याची हाक चाललेली, आणि मी खुर्चीत ताठ झाले. 'वाचतोस ना' असतं तर हसून सोडलं असतं. माणूस स्वतःशीच बोलत असेल. पण 'वाचतेस'. मी पान उलटलं. पुढच्या अंकात काही नव्हतं. त्याच्या पुढच्यात, हरवलेल्या सायकलीच्या बातमीशेजारी: 'दमलीस तर थांब.'

मी खरंच थांबले. पेपर आत नेऊन पलंगाखाली सरकवले आणि तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी स्वतःलाच म्हटलं, अगं, पेन्सिल आहे, भूत नाही. पुन्हा काढले.

मग त्या दुरुस्त्या सुरू झाल्या. त्या वेळी क्लासात आम्हाला भूतकाळाचा एक प्रकार शिकवत होते, 'होती, असायची' या धर्तीचा. 'ती आहे' म्हणजे 'एल ए', 'ती होती' म्हणजे 'एल एते'. पेपरात एके ठिकाणी छापलं होतं 'एल एते'. पेन्सिलवाल्याने तो 'एते' छापखान्यात प्रुफं तपासतात तसा एका रेघेने खोडला होता आणि समासात, तिरकी खूण करून, लिहिलं होतं 'ए'. होतीच्या जागी आहे. मला कळेना, पेपर चुकला का हा? शनिवारी पान क्लासात नेलं.

सरांनी चष्मा वर करून बघितलं. "पेपर बरोबर आहे. दुरुस्ती चुकीची. हा जो कोण आहे, त्याला हा काळ कळलेलाच नाही."

मला ते पटलं नाही. घरी येऊन मी सगळे अंक जमिनीवर पसरले आणि 'एते' शोधायला बसले. भोपळ्याच्या बातमीत 'एते' होतं, ते तसंच ठेवलेलं. फुटबॉलच्या बातमीत होतं, तसंच. मरण पावलेल्या म्हाताऱ्यांच्या निवेदनांत तर ओळीओळीला होतं, एकालाही पेन्सिल लागली नव्हती. खोडलेलं सापडलं ते फक्त एकाच बातमीत, जी अंकाअंकांतून तुकड्यातुकड्याने पुढे जात होती. मी ती आजवर वरवर वाचून सोडली होती, कारण पोलिसांची भाषा मला जड जायची. आता मी ती पहिल्यापासून लावून वाचली.

त्या गावच्या कॉलेजात शिकणारी एक भारतीय मुलगी. थंडीतल्या एका दुपारी खोलीतून बाहेर पडली, नदीकाठच्या रस्त्याने जाताना एका बाईने तिला पाहिलं, त्यानंतर कुणीच नाही. 'ती शांत स्वभावाची होती.' होती खोडून आहे. 'ती वर्गात पहिली यायची.' यायची खोडून येते. 'तिला इथलं गाव आवडायचं.' आवडतं. त्या माणसाला तो काळ चांगला कळला होता. ही त्याचीच मुलगी असणार, आणि तिच्याबद्दल तो वापरायला त्याने नकार दिला होता.

एक शब्द मात्र त्याला जिंकता आला नव्हता. 'दिस्पारु.' नाहीशी झालेली. फ्रेंचमध्ये हा शब्द बेपत्ता माणसालाही लावतात आणि वारलेल्यालाही. पहिल्या वेळी त्याने लिहिलं होतं 'बेपत्ता'. नंतर कधीतरी शब्दकोशात दुसरा अर्थ सापडला असणार. समासात 'गेली' असं लिहून इतक्या जोराने खोडलं होतं, की कागद फाटला होता. आपल्याकडेही तो शब्द तसलाच, दोन्हीकडे चालणारा.

किती मजेत मी या पानांवर रेघा ओढत होते! त्याच्या अर्थांखाली माझे अर्थ लिहिले होते. आणि आता नीट बघताना काही ठिकाणी मला सांगता येईना, यातलं अक्षर माझं कुठलं आणि त्याचं कुठलं. माझीही शिरोरेघ सरळ यायला लागली होती.

मोबाइलवर शोधलं. त्याच जुन्या बातम्या सापडल्या, आणि मग काहीच नाही. मुलगी सापडली असंही नाही, तपास संपला असंही नाही.

गठ्ठ्याच्या अगदी तळाशी कागदी वेष्टनातलं एक टपाल होतं, न फोडलेलं. मी ते आधीही पाहिलं होतं, पण क्रमाने वाचायचं म्हणून शेवटी ठेवलं होतं. त्यावर फ्रान्सचा शिक्का, पाठवणाऱ्या बाईचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता. घेणाऱ्याचा पत्ता वाचला आणि मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. भिंतीपलीकडची इमारत. दुसरा मजला. आमच्या गॅलरीच्या बरोबर समोरची, निळ्या पडद्याची खिडकी.

आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा.

"टपाल दुसऱ्याचं आहे ना? मग देऊन ये."

"आणि काय सांगू?"

"खरं सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. भिंतीला वळसा घालून पाच मिनिटांचं चालणं. जिन्यात ओल्या कपड्यांचा आणि तळलेल्या सुक्या मासळीचा वास. बेल वाजवायला हात वर केला, तेवढ्यात दार उघडलं. पासष्टीच्या घरातल्या बारीक अंगाच्या बाई. पांढरे केस, नीट घातलेला अंबाडा. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इलंस?"

मालवणीत 'आलीस?' म्हणून विचारतात तसं. जणू मी कालच येते म्हणून सांगून गेले होते.

"काकू, मी मागच्या बिल्डिंगमध्ये राहते. तुमचं एक टपाल माझ्याकडे..."

"ठाऊक आहे. तूच वाचतेस ना? आत ये गो."

मागे वळून पळावं असं क्षणभर खरंच वाटलं. पण पाय आत गेले. निळ्या पडद्याशेजारी छोटं टेबल, जाडा शब्दकोश, पातळ कागदांची वही, तासलेल्या पेन्सिली. भिंतीवर पुरुषाचा फोटो, त्याला हार. शेजारी मुलीचा फोटो, हार नसलेला. भिंतीतल्या लाकडी कपाटाचा एक खण रिकामा होता, आणि फळीवर पेपरांच्या आकाराचा चौकोन बाकीच्या फळीपेक्षा उजळ राहिला होता.

काकूंनी चहा टाकला आणि सांगायला लागल्या. त्यांचे यजमान आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर छापखान्यात प्रुफं तपासायचे. एकुलती मुलगी हुशार, शिष्यवृत्तीवर गेलेली. ती नाहीशी झाल्यावर तिच्या घरमालकिणीने दर महिन्याला गावचा पेपर पाठवायला सुरुवात केली. सुरुवातीला दूतावासाची कुणी बाई फोनवर सांगायची काय छापलंय ते. यजमानांचा विश्वास बसेना. त्यांना वाटायचं, गाळून सांगतात. सत्तराव्या वर्षी ते स्वतःच शिकायला बसले.

"रोज सकाळी या खिडकीत बसून मोठ्याने वाचायचे. मी विचारायची, काय आहे? म्हणायचे, आज काही नाही. असं साडेतीन वर्षं. मग तेही गेले. झोपेतच."

"पेपरात ते कुणाशी तरी बोलायचे, काकू. समासात."

"तिच्याशीच. लहानपणी तिला असंच वाचायला बसवायचे. बाजूला बसून." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "ते गेले, पुतण्याने कपाट साफ केलं. घर एकदम गप्प झालं. आणि महिन्याभराने एका सकाळी परत वाचन सुरू झालं."

मी कप उचलला होता तो तसाच हातात राहिला.

"मी इथेच तांदूळ निवडत होते. त्याच वेळेला. तेच वाचन, तीच भाषा, जी मला कळत नाही पण कानात बसलेली. पण आवाज बाईचा. तरण्या बाईचा. माझ्या हातातलं सूप पडलं. माका वाटला, तीच इली."

"काकू..."

"कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? म्हणाले असते, म्हातारीला वेड लागलं. खिडकीही उघडली नाही मी. उघडली आणि थांबलं तर? पडद्याआडच बसायची. रोज."

पडदा हलला की त्याआडून आमची गॅलरी दिसत होती, माझी प्लास्टिकची खुर्ची दिसत होती. तिथे बसून मी महिनोन्महिने एका आईला तिच्या हरवलेल्या मुलीचा आवाज ऐकवत होते, आणि मला वाटत होतं मला पेन्सिलीची भीती वाटतेय.

"मग कळलं कसं, की मी ती नाही?" मी शेवटी विचारलं.

"चुका व्हायच्या तुझ्या," काकू सरळ म्हणाल्या. "जायच्या आधी ती याच खोलीत फेऱ्या मारत पाठ करायची. कसं बोलायची ते मला पाठ आहे. तू 'र' आपल्यासारखा म्हणतेस. ती घशातून काढायची. आठवडाभर ऐकलं आणि समजले, ही दुसरी कोणी. तरी ऐकत राहिले."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं.

ते न फोडलेलं टपाल आम्ही तिथेच फोडलं. चार अंक होते. काकू समोर बसल्या, आणि मी एकेक पान बोट फिरवत वाचलं. गावचा बाजार. पुलाची डागडुजी. 'पूल' आणि 'नदी' हे शब्द आले तशी मी मोठ्याने वाचायची थांबले, मनात पुढे वाचलं, आणि काही नव्हतं म्हणून पुन्हा आवाज काढला. काकूंच्या लक्षात आलं.

"थांबू नको. जे असेल ते वाच."

पण खरंच काही नव्हतं. चार अंकांत तिचं नाव नाही, फोटो नाही, नदीकाठच्या बाईची साक्ष नाही. साडेतीन वर्षांनी ती बातमीतूनही नाहीशी झाली होती.

"काही नाही, काकू."

"हं," त्या म्हणाल्या. "ते पण हेच म्हणायचे. खरं म्हणायचे का ते कधी कळलं नाही. आता तू म्हणतेस म्हणजे खरं असेल." मग त्यांनी मला एक शब्द परत म्हणायला लावला. मी म्हटला. "नाही. अजून मागून." पुन्हा म्हटला. फ्रेंचचा ओ की ठो न कळणाऱ्या त्या बाईने अर्धा तास माझा 'र' घासून घेतला, आणि शेवटी डोळे मिटून म्हणाल्या, "हां. असाच." त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

त्यानंतर मी रविवारी जायला लागले, मधल्या महिन्यांत आलेली आणि काकूंनी न फोडता ठेवलेली टपालं वाचायला. गॅलरीत वाचणं बंद केलं. काकूंनीच विचारलं, का बंद केलंस? तेव्हा परत सुरू केलं, पण आता निळा पडदा बाजूला सारलेला असायचा आणि मी वाचताना मान वर करून हात हलवायची.

परीक्षा पास झाले. तोंडी परीक्षेत एका बाईंनी विचारलं, हा उच्चार कुठे शिकलात? मी म्हटलं, शेजारी. ऑफिसात ते वेगळं टेबल मिळालं. दिवसभर न पोचलेल्या पार्सलांबद्दल फ्रेंच माणसांची समजूत काढते.

काकूंच्या सांगण्यावरून मी घरमालकिणीला पत्र लिहिलं, की यजमान गेले. महिन्याभराने उत्तर आलं, तिरक्या, थरथरत्या अक्षरात. तिलाही वाईट वाटलं होतं. पण तीही आता म्हातारी झाली होती, घर विकून मुलाकडे राहायला जाणार होती. मुलीच्या वह्या आणि दोन स्वेटर अजून तिच्याकडे होते. पाठवू का, असं तिने विचारलं होतं.

मी पत्राचा अर्थ सांगितला. काकू बराच वेळ फळीवरच्या त्या उजळ चौकोनाकडे बघत होत्या.

"पाठव म्हणून लिही. आणि हे पण लिही: घर घेणाऱ्यांना सांगून ठेवा म्हणावं. अशी एक मुलगी कधी दारात आली, तर तिला म्हणावं, आईचा पत्ता तोच आहे."

मी लिहिलं. शब्दकोश न उघडता लिहिलं. वाक्य बरोबर होतं की नाही, कुणाला विचारलं नाही.

स्वेटर आले. वह्या आल्या. काकूंनी स्वेटर उन्हात टाकले आणि घडी घालून कपाटात ठेवले. मग टपाल बंद झालं. आम्ही धरून चाललो की संपलं हे.

गेल्या महिन्यात वेष्टनातला गठ्ठा आला. पत्ता बरोबर होता, पण अक्षर घरमालकिणीचं नव्हतं. गोल, जोमदार, निळ्या शाईचं, ओळखीचं मुळीच नव्हे. मागच्या बाजूला त्याच जुन्या घराचा पत्ता. आत चार अंक, चिठ्ठी नाही. घर घेणाऱ्यांनी पाठवले असणार. दुसरं कोण? तरी मी ते अक्षर काकूंपुढे धरलं.

त्यांनी ते नीट, दूर धरून, जवळ धरून बघितलं.

"तिचं नाही," त्या म्हणाल्या.

मग मी पहिल्या पानापासून वाचायला बसले. एक अंक, दुसरा, तिसरा, चौथा. काकूंनी मध्ये एकदाही विचारलं नाही. शेवटचं पान मिटलं तेव्हा मीच म्हटलं, "काही नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "तिथे आज थंडी किती आहे, ते वाच."

अंक तीन आठवड्यांपूर्वीचा होता. मी वाचलं.